शंभरावा टाका

होनोरा गॅव्हन वॉरंडेल क्लबच्या जर्स्या परसातल्या तांब्याच्या हंड्यात उकळून धूत असे. तिची मुलगी अ‍ॅग्नेस हिने त्याच जर्स्यांच्या पाठीवर आकडे शिवले. अ‍ॅग्नेसची मुलगी विनिफ्रेड हिने धुणे आणि शिवणे दोन्ही सांभाळले, शिवाय गुरुवारच्या सरावानंतर पोरांना वाटाण्याचे सूप वाढले, आणि ते वाडग्यात उरवणाऱ्याला कधी क्षमा केली नाही. विनिफ्रेडची मुलगी जनीन हिने या तिघींच्या पुण्याईवर क्लबच्या त्या खोलीत खुर्ची मिळवली, जिथे कोणता खेळाडू ठेवायचा, कोणता द्यायचा आणि कोणाच्या बदल्यात कोणाला आणायचे हे ठरते. त्या खुर्चीवर तिच्याआधी एकही बाई बसली नव्हती. या घराण्यातल्या पुरुषांची नावे सांगायची राहिली, असे कोणाला वाटेल. ती राहिलेली नाहीत. पुरुष मैदानाच्या कुंपणाला टेकून पंचांना शिव्या देत उभे असत, आणि ते काम कोणालाही जमते.

मेलबर्नच्या उत्तरेकडच्या वीटभट्ट्यांच्या वस्तीत ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा हा क्लब उभा राहिला, म्हणून त्याच्या लोकांना आजही वीटवाले म्हणतात. जर्सीही भाजलेल्या विटेच्या रंगाची, मधून पांढरा पट्टा. होनोराने एक रीत घालून दिली होती. प्रत्येक खेळाडूची पहिली जर्सी ती आपल्या कपाटात ठेवून घेई. शनिवारी सामना झाला की सोमवारी धुणे पडे, आणि धुणे दोरीवर गेले की त्या पहिल्या जर्सीच्या खालच्या पट्टीत, आतल्या अंगाला, ती एक पांढरा टाका घाली. एक सामना, एक धुणे, एक टाका. शंभर टाके भरले की ती जर्सी खेळाडूच्या हवाली होई आणि तो ती मरेपर्यंत जपून ठेवी. वॉरंडेलमध्ये अशा जर्सीसकट पुरलेले लोक आहेत.

विनिफ्रेडने ही रीत चाळीस वर्षे चालवली. कचेरीतले लोकही कोणाचे किती सामने झाले हे तिलाच येऊन विचारत, कारण तिचा हिशेब कधी चुकला नव्हता. तो एकदाच चुकला, आणि तो अ‍ॅल्बी स्ट्रॅकनच्या वाट्याला आला.

अ‍ॅल्बी हा बचावातला चिवट गडी. एका हंगामाच्या अखेरीस, शेवटचा सामना उरला असताना, प्रशिक्षकाने धुण्याच्या खोलीत डोकावून विचारले होते, “विन, अ‍ॅल्बीचे शंभर भरले का? नसतील तर त्याला शनिवारी घेतो, म्हातारा खूश होईल.” विनिफ्रेडने कपाट उघडून टाके मोजले आणि सांगितले, “भरले. एखाद्या नव्या पोराला घे.” प्रशिक्षकाने नव्या पोराला घेतले. अ‍ॅल्बीला जर्सी मिळाली, टाळ्या मिळाल्या, आणि त्याच ऑक्टोबरात क्लबने त्याला अ‍ॅडलेडच्या एका क्लबाकडे बदलीत धाडले. तिथे दुसऱ्याच महिन्यात त्याचा गुडघा गेला आणि खेळ संपला.

पुढे लीगने नियम केला. ज्याने एखाद्या क्लबासाठी शंभर सामने खेळले असतील, त्याच्या मुलावर त्या क्लबाचा पहिला हक्क. अ‍ॅल्बीचा मुलगा कॉर्मॅक अठरा वर्षांचा झाला तेव्हा वॉरंडेलने मोठ्या थाटात हक्क सांगितला. लीगकडून उत्तर आले की वडिलांचे सामने नव्व्याण्णव भरतात. हंगामाआधी दिव्यांच्या उजेडात एक चषक खेळवला जाई, तो त्यांच्या हिशेबी धरत नाहीत. विनिफ्रेडला ती रात्र लख्ख आठवली. पाऊस, गुडघाभर चिखल, आणि सोमवारी तीन पाण्यांतून काढूनही लाल न दिसणाऱ्या जर्स्या. धुणे पडले होते, म्हणून तिने टाका घातला होता. त्या घरातल्या बाईने दुसरे काय केले असते?

अशा रीतीने कॉर्मॅक स्ट्रॅकन दुसऱ्यांच्या हाती लागला आणि देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थजवळच्या केप लोरेन क्लबात गेला. त्याच आठवड्यात अ‍ॅल्बी विनिफ्रेडच्या दारात उभा राहिला. त्याने जर्सी घडी करून टेबलावर ठेवली.

“नॅन,” तो म्हणाला. क्लबातले सगळेच तिला आजी मानून तसे म्हणत. “ही अजून माझी झालेली नाही.”

तो गेल्यावर विनिफ्रेडने तो एक टाका उसवला, जर्सी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली, आणि त्यानंतर सहा वर्षे त्या कप्प्यात दुसरे काही ठेवू दिले नाही.

हे सगळे जनीनला ठाऊक होते. म्हणूनच यंदा सप्टेंबरात कॉर्मॅकच्या दलालाचा फोन आला आणि त्याने सांगितले, की पोराचा करार संपला, बापाचे दोन्ही गुडघे बदलायचे आहेत, गायींकडे बघायला कोणी नाही, त्याला घरी यायचे आहे आणि वॉरंडेलशिवाय दुसरे नाव तो घेत नाही, तेव्हा जनीनला आनंद व्हायच्या आधी धडकी भरली.

खेळाडूंच्या अदलाबदलीचे दोन आठवडे म्हणजे वॉरंडेलमध्ये लग्नघर आणि तुरुंग यांचे मिश्रण. पहिल्या आठवड्यात जनीनने दोन व्यवहार उरकले. उंच टॉबी वेर्न, ज्याच्या उडीवर संघाने चार वर्षे चेंडू मिळवला होता, तो सिडनीकडे गेला आणि त्याच्या बदल्यात नोव्हेंबरात नव्या पोरांमधून नववी निवड करण्याचा हक्क आला. दुसऱ्या व्यवहारात पुढच्या वर्षाची एक निवड देऊन किट लॅनफिअर हा बुटका, चपळ, गोल करणारा गडी आणला. राहिला होता तिसरा.

अध्यक्ष रेक्स हॅलोरन हा फरशांचा व्यापारी. तो बोलायचाही फरशी आपटल्यासारखा.

“टॉबी गेला, नववी निवड आली,” तो जनीनच्या टेबलावर अर्धा बसत म्हणाला. “ती आता तू पश्चिमेला पाठवणार, अ‍ॅल्बीच्या पोरासाठी. बाहेर काय बोलतात ठाऊक आहे?”

“सांग. तुझ्या पोटात राहणार थोडंच आहे.”

“म्हणतात, जनीन आईचं धुणं क्लबाच्या पाण्यात धुतेय.”

जनीनने चष्मा काढून पुसला. राग आला की ती चष्मा पुसत असे. “आणि तू काय म्हणतोस?”

“मी म्हणतो, शुक्रवारी सकाळी मंडळापुढे ये आणि तिन्ही व्यवहारांचं मोल मांड. एकेक करून. स्ट्रॅकन नाव काढून टाकलं तरी व्यवहार उभा राहिला, तर मी तुझ्या बाजूने. नाही राहिला, तर मैत्री वेगळी आणि खुर्ची वेगळी.”

तो गेला. जनीनला झोंबले ते यासाठी, की त्याचे म्हणणे रास्त होते. तिला तो पोरगा हवा होता. पण का हवा होता? त्याच्या खेळासाठी, की वरच्या कप्प्यासाठी? रात्रंदिवस त्याचे सामने पाहून तिला वाटू लागले होते की तो फार चांगला आहे, आणि जे आपल्याला हवे आहे ते चांगले दिसू लागले की माणसाने आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हे तिला आईने शिवणकाम शिकवतानाच शिकवले होते.

म्हणून तिने स्टाव्हरोस कालासला बोलावले. हा महिन्यापूर्वीच अ‍ॅडलेडहून आलेला साहाय्यक प्रशिक्षक. त्याला टाक्यांची गोष्ट कोणी सांगितली नव्हती, आणि सांगितली असती तरी त्याने जांभई दिली असती.

“केप लोरेनचा सतरा नंबर,” ती म्हणाली. “आवाज बंद करून बघ. समालोचकाचं काही कानावर पडू देऊ नकोस. आणि मला फक्त किंमत सांग.”

स्टाव्हरोस सूर्यफुलाच्या बियांची पिशवी घेऊन आत बसला. तो बाहेर आला तेव्हा जमिनीवर टरफलांचा सडा होता.

“उजवा पाय बरा. डावा फक्त उभं राहायला,” तो म्हणाला. “पण चेंडू जमिनीवर पडला की डोकं घालतो, दुसऱ्याचा गुडघा कुठंय ते बघत नाही. आपल्याकडे असे दोनच आहेत, आणि त्यातला एक तिशीला आलाय. नववी निवड द्यावी, इतका आहे. नववी आणि आणखी काही मागितलं, तर फोन ठेव आणि जेवायला जा.”

“नक्की?”

“बाई, तू मला किंमत विचारलीस. लग्न लावायला सांगितलं असतंस तर गोड बोललो असतो.”

जनीन मनात म्हणाली, चला, आता माप तरी दुसऱ्याच्या हातचे आहे. नववी निवड, त्याहून कणभरही जास्त नाही.

बुधवारी संध्याकाळी साडेसातला मुदत संपत होती. सकाळी निघताना विनिफ्रेडने तिच्या हातात थर्मास आणि कागदात गुंडाळलेले सँडविच ठेवले. शहाऐंशी वर्षांची ही बाई अजूनही काठी वापरत नसे. काठी टेकणाऱ्यांच्या पायांना वाईट सवय लागते, असे तिचे म्हणणे.

“आई, आज कॉर्मॅकचं ठरेल,” जनीन म्हणाली.

“ठाऊक आहे. रेडिओ दुसरं बोलतोय कुठं.” विनिफ्रेडने तिच्या कोटाची कॉलर सरळ केली, जणू ती शाळेला निघाली होती. “एक लक्षात ठेव. ते देणं माझं आहे. ते तू क्लबाच्या खिशातून फेडलंस, तर मी तो पोरगा घरात घेईन, सूप वाढेन, आणि तुझ्याशी बोलणार नाही.”

“किती दिवस?”

“माझे किती उरलेत?”

जनीन हसली, पण घाटाच्या वळणावर गाडी सांभाळून चालवावी तशी पुढचा सगळा दिवस सांभाळून बोलली.

शहरातल्या मैदानाच्या पोटात, खिडक्या नसलेल्या खोल्यांच्या रांगेत, सगळ्या क्लबांची माणसे बसली होती. केप लोरेनचा क्लाइव्ह डॅबिन शेजारच्याच खोलीत होता. रापलेल्या चेहऱ्याचा, मऊ आवाजाचा माणूस. त्याचा आवाज जितका मऊ, तितकी मागणी कडक. दिवसभर तो येतच नव्हता. चार वाजून गेले तेव्हा आला, आणि तिचे अर्धे सँडविच न विचारता उचलून खाऊ लागला.

“नववी चांगली आहे, जनीन. खरंच. पण माझं मंडळ उपाशी आहे. नववी, आणि ईडन मालूफ.”

ईडन मालूफ एकोणीस वर्षांचा, वॉरंडेलच्याच गल्लीतला. त्याच्या घरच्यांची मुख्य रस्त्यावर बेकरी. त्याच्या पहिल्या जर्सीत अकरा टाके पडले होते.

“ईडन नाही,” जनीन म्हणाली.

“त्याला विचारलंस? त्याच्या होकाराशिवाय मीही नेणार नाही, नियमच आहे. पण तू म्हणालीस तर ते पोरगं चंद्रावरसुद्धा जाईल.”

“म्हणूनच विचारत नाही.”

“बघ बाई.” क्लाइव्हने बोटे पुसली. “नाहीतर कॉर्मॅक डिसेंबरच्या उरल्यासुरल्यांच्या निवडीत जाईल. तिथे पहिला हात यंदा सगळ्यांत शेवटी राहिलेल्या क्लबाचा. तो ब्रिस्बेनला जाईल, सिडनीला जाईल, कुठेही जाईल. आणि अ‍ॅल्बीच्या गायी…” त्याने वाक्य अर्धेच सोडले. दाराशी जाऊन वळला. “तुझी आई बरी आहे ना? तिला माझा नमस्कार सांग. त्या एका टाक्याची गोष्ट आमच्याकडेही पोचलीय.”

जनीनच्या लक्षात आले. तर हा माणूस खेळाडूची किंमत लावत नव्हता. तो विनिफ्रेडच्या कपाटाची किंमत लावत होता.

ती जिन्यात गेली. नववी निवड आणि ईडन. फार झाले, पण अशक्य नव्हते. शुक्रवारी मंडळापुढे दोन वाक्ये गोड करून मांडता आली असती. पोरगा अकराच सामने खेळलाय, बचावात आपल्याकडे गर्दी आहे, वगैरे. ती वाक्ये तिच्या मनात इतक्या सहज जुळून आली, की तिला स्वतःचीच भीती वाटली. तरीही तिच्या बोटाने ईडनचा नंबर लावला.

“जनीन?” मागे भट्टीचा आणि भांड्यांचा आवाज येत होता. “थांब, हात पिठाचे आहेत… हां, बोल. मला पाठवताय का?”

“कोण म्हणालं?”

“रेडिओ.” मग तो आवाज मोठ्या माणसासारखा करून म्हणाला, “क्लबाला गरज असेल तर जाईन मी. खरंच. आईला मी समजावतो.”

जनीनला ते “खरंच” ऐकवले नाही. ती म्हणाली, “नॅनने विचारलंय, सराव सुरू झाला की सूपला येशील ना? मागच्या वेळी वाडग्यात उरवलं होतंस म्हणे.”

“उरवलं नव्हतं! डॅनीचं होतं ते!” त्याच्या आवाजातले मोठे माणूस पळून गेले आणि पोर परत आले.

ती फोन ठेवते न ठेवते तोच तो पुन्हा वाजला. अ‍ॅल्बी स्ट्रॅकन. गिप्सलँडमधल्या त्याच्या शेतावरून.

“जनीन, गायी दोहून आत्ताच आत आलो. रेडिओवाला म्हणतो, माझ्या पोरासाठी त्या मालूफला देताय. खरं का?”

“ते मागतायत.”

“देऊ नकोस.”

“अ‍ॅल्बी, नाही दिला तर कॉर्मॅक डिसेंबरात कोणाच्याही हाती लागेल. इतक्या जवळ आलंय सगळं.”

“लागू दे.” पलीकडे खुर्ची करकरली. त्याला बसतानाही दुखत असे. “हे बघ, मला पाठवलं तेव्हा मीसुद्धा हो म्हणालो होतो. विचारलं की मर्दासारखं हो म्हणायचं असतं, असं वाटायचं. बायको शेजारी बसली होती. अ‍ॅडलेडच्या वाटेवर बल्लारतपर्यंत गाडी चालवली आणि पेट्रोल भरायचं निमित्त करून पंपाच्या मागे जाऊन रडलो. दुसऱ्याच्या पोराला मी त्या पंपाच्या मागे उभं करणार नाही. आणि माझ्या पोराच्या नावावर तर मुळीच नाही.”

जनीन म्हणाली, “तुझ्या गुडघ्यांचं काय?”

“गुडघे माझे आहेत, क्लबाचे नाहीत. ठेव आता, चहा निवतोय.”

ती जिन्यातून वर आली तेव्हा तिचे ठरले होते, आणि ठरल्यावर माणसाला जे हलके वाटते ते अजून वाटत नव्हते, कारण गमवायचे काय आहे ते तिला नीट दिसत होते. दुखऱ्या गुडघ्यांचा एक माणूस, त्याच्या गायी, आणि एक बंद कप्पा.

ती क्लाइव्हच्या खोलीत गेली. बसली नाही.

“नववी निवड. तेवढीच.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर मी घरी जाते. आईने कोकराची तंगडी भट्टीत ठेवलीय, उशीर झाला तर ती मलाच भाजेल. कॉर्मॅक डिसेंबरात तुझ्या हातून जाईल. माझ्याही जाईल, ते मान्य. पण माझी नववी निवड माझ्याकडे राहील. तुला त्याच्या बदल्यात काय मिळालं, ते तुझ्या उपाशी मंडळाला तू समजावून सांग. मला तिथे असायला आवडलं असतं.”

“तू आईचं देणं असंच सोडून देशील?” क्लाइव्हचा मऊ आवाज प्रथमच थोडा खरखरला.

“आईनेच सांगितलंय.”

ती आपल्या खोलीत परतली. थर्मासचे झाकण लावले. कोट घातला. कॉलर सरळ केली. स्टाव्हरोस कोपऱ्यात बिया फोडत होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले, आणि पहिल्यांदाच पिशवी बाजूला ठेवली.

“खरंच जायचं?” त्याने विचारले.

“खरंच.”

बाहेर बोळात कोणाची तरी पावले धावत गेली, दुसऱ्याच कोणाच्या तरी खोलीत. जनीनने पिशवी उचलली. दारापर्यंत गेली. दार तिने उघडले नाही, ते बाहेरून उघडले.

क्लाइव्ह डॅबिन उभा होता, हातात सही केलेला कागद.

“मी तुझ्या आईच्या टाक्यावर पैज लावली होती,” तो म्हणाला. “सगळे म्हणाले, ती शेवटी वाकेल.”

“आमच्याकडे वाकायची रीत फक्त धुण्याच्या टबावर आहे,” जनीन म्हणाली, आणि स्टाव्हरोसने दाबून धरलेल्या कागदावर तिने सही केली.

लीगच्या कचेरीकडून मंजुरीचा निरोप आला तेव्हा मुदतीचा भोंगा वाजायला फारसा अवधी उरला नव्हता. जनीनचा जीव भांड्यात पडला. ती खुर्चीत बसली आणि उरलेले अर्धे सँडविच खाऊ लागली. सकाळपासून तिने काहीच खाल्ले नव्हते, हे तिला तेव्हा कळले. मग तिने ईडनच्या बेकरीत फोन लावला आणि एवढेच सांगितले, “रेडिओ बंद कर आणि पीठ मळ.” त्याची आई मागून काहीतरी अरबीत ओरडली आणि कोणीतरी टाळी वाजवली.

शुक्रवारी सकाळी मंडळाच्या लांब टेबलापुढे ती उभी राहिली. टेबलावर चहाबरोबरचा केक न कापताच ठेवलेला होता. सगळे सूट घालून आले होते, जणू कोणाला पुरायचे होते.

“टॉबीचा व्यवहार,” ती म्हणाली. “यात आपण हरलो. नववी निवड आली, पण त्याच्यासारखा उंच माणूस आपल्याकडे दुसरा नाही, आणि सिडनीवाले घाईत होते हे मला दोन दिवस उशिरा कळलं. आणखी थोडं निघालं असतं. तो दोष माझा. किट लॅनफिअर चुणचुणीत पोरगा आहे, पण खांदा दोनदा निखळलेला. बारा सामने खेळला तर आपण जिंकलो, चार खेळला तर हरलो. आत्ता मी काहीही सांगितलं तर ते ज्योतिष ठरेल.”

“आणि स्ट्रॅकन?” रेक्सने विचारले.

“स्ट्रॅकन नाव काढून टाका. चेंडूवर डोकं घालणारा चोवीस वर्षांचा गडी नवव्या निवडीला मिळाला. ही किंमत मी लावलेली नाही, स्टाव्हरोसने लावली, आणि त्याला तेव्हा नावामागची गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांनी ईडन मागितला होता. मी दिला नाही.”

“स्ट्रॅकन गमावायची वेळ आली होती, असं ऐकलं.”

“आली होती.”

रेक्सने टेबलाभोवती नजर फिरवली. कोणाला काही विचारायचे नव्हते. त्याने खिशातून रुमाल काढून कपाळ पुसले. त्या फरशीवाल्यालाही घाम फुटला होता, हे जनीनच्या तेव्हा ध्यानात आले.

“बाहेर बोलणाऱ्यांना सांगतो मी,” तो म्हणाला. “धुणं घरच्याच पाण्यात धुतलंय म्हणून. आता कोणीतरी तो केक कापा.”

मार्चमध्ये हंगामाचा पहिला सामना वॉरंडेलच्या मैदानावर झाला. कॉर्मॅकला बापाचा सत्तावीस नंबर मिळाला. समर्थकांनी आदल्या दिवशी कागदी पताका चिकटवून मोठा पडदा तयार केला होता. खेळाडू तो फाडून मैदानात धावतात. तो उचलला गेला तेव्हा त्यावर एकच शब्द होता: शंभर. पाहुण्या संघाचे लोक हसले. आज पहिल्यांदा येणाऱ्या पोरासाठी कसले शंभर? वॉरंडेलचे लोक हसले नाहीत, बापाचे नव्व्याण्णव त्यांना पाठ होते. पोरगा पडद्याकडे धावला तेव्हा त्याच्या बरोबर नव्या गुडघ्यांचा एक माणूस सावकाश चालत होता, आणि पोराने त्याच्यासाठी आपली धाव मुद्दाम लहान केली होती. सामना वीटवाले थोडक्यात हरले. कॉर्मॅकच्या ओठाला तीन टाके पडले, पण ते डॉक्टरने घातले.

सोमवारी धुणे दोरीवर गेल्यावर विनिफ्रेडने अ‍ॅल्बीला बोलावून घेतले. जनीन खिडकीपाशी उभी होती. विनिफ्रेडने आधी कॉर्मॅकची नवी जर्सी घेतली आणि तिच्या पट्टीत पहिला टाका घातला. मग उठून वरच्या कप्प्यातली जुनी जर्सी काढली.

“नॅन, थांब,” अ‍ॅल्बी म्हणाला. “शनिवारचा सामना त्याचा होता. माझा नाही.”

“त्याचा टाका त्याच्या जर्सीत घातला की, तुझ्या डोळ्यांदेखत.”

“मग हा कुठला?”

“तुझ्या शेवटच्या शनिवारी तू खेळणार होतास. मी म्हणाले, नव्या पोराला घ्या. तुझ्या घरचा एक शनिवार मी घेतला होता, तो तुझ्या घरी परत गेला की नाही? या खोलीत कशाला टाका पडतो ते आजवर कोणी ठरवलं?”

“तू,” अ‍ॅल्बी म्हणाला.

“माझ्या आजीने. मग आईने. मग मी.” तिने सुई उजेडाकडे धरली. जनीन दोरा ओवायला पुढे झाली, तशी तिने नुसते पाहिले आणि जनीन मागे सरली. चौथ्या खेपेला दोरा गेला. विनिफ्रेडने पट्टी उलटली, बोटाने टाके चाचपत शेवटापर्यंत आली, जिथे सहा वर्षांपूर्वी उसवलेल्या जागेची बारीक भोके अजून दिसत होती. त्याच भोकांतून तिने सुई घातली. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

“मोज,” ती म्हणाली.

“नॅन, गरज नाही…”

“मोज. मागच्या वेळी माझ्यावर भरवसा ठेवलास.”

अ‍ॅल्बी स्ट्रॅकनने ओठ हलवत, बोट ठेवून एकेक टाका मोजला. शेवटी आल्यावर त्याने मान हलवली. विनिफ्रेडने जर्सीची घडी घातली, दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिली, आणि वरचा कप्पा फडक्याने पुसून काढला.

“झालं,” ती म्हणाली. “फिटलं. जनीन, त्या कप्प्यात आता टॉवेल ठेव.”